आता गिळू का?



देऊळघाटसारख्या गावात साहित्यिकांच्या संमेलनाचा अध्यक्ष म्हणून उभा राहतोय, तर भाषेविषयी किंवा वाचनसंस्कृतीविषयी बोलावं, अशी रीत आहे. ती आज मोडतो. कारण काल संध्याकाळचं एक वाक्य डोक्यातून जात नाही.

पाय मोकळे करायला निघालो होतो. एका घरापुढे मोबाइल स्टँडवर लावलेला, त्याभोवती गोल दिवा. सहा-सात वर्षांची मुलगी हातात मिरचीभजं घेऊन बसलेली. घास घ्यायचा, डोळे मोठे करायचे आणि “लय भारी!” म्हणायचं. बापाला ते पसंत पडेना. “परत एकदा, हसून.” चौथ्या वेळी भजं गार झालेलं. तिनं घास तोंडात धरूनच विचारलं, “आता गिळू का?”

बाप वाईट नव्हता. तिचं नाक त्यानंच पुसलं, पाणीही पाजलं. यंदा सोयाबीनचे पैसे झाले नाहीत आणि पोरीच्या व्हिडिओवर चार पैसे येतात, हेही त्यानं न विचारता सांगितलं.

आपल्याकडे हे नवं नाही. बाजाराच्या दिवशी डोंबाऱ्याची पोर दोरीवर चढायची, बाप ढोलकी वाजवायचा, आई ताट फिरवायची. ताटातल्या चिल्लरीत पोरीचा वाटा किती, हे आपण कुणी विचारलं नाही. फार तर चार आणे जास्त टाकले.

आणि आपला सिनेमा? 1913 चा ‘राजा हरिश्चंद्र’ म्हणजे दादासाहेब फाळक्यांच्या घरचाच कारखाना. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई फिल्म धुण्यापासून साऱ्या मंडळींच्या स्वयंपाकापर्यंत राबत होत्या आणि हरिश्चंद्राचा मुलगा रोहिदास झाला होता त्यांचाच मुलगा भालचंद्र. चित्रीकरण चालू असताना पोराच्या डोक्याला मार लागला, ते बेशुद्ध पडलं. पुढचं दृश्य रोहिदास चितेवर असल्याचं होतं. दादासाहेबांनी बेशुद्ध लेकराला तसंच चितेवर ठेवून ते दृश्य पुरं केलं. पुढे 1919 च्या ‘कालिया मर्दन’मध्ये कृष्ण झाली ती त्यांची मुलगी मंदाकिनी. फाळक्यांना मी पिंजऱ्यात उभं करत नाही. त्या माणसानं विमा गहाण टाकला, बायकोचे दागिनेही गेले. पण ध्यास कितीही मोठा असला तरी त्यापायी लेकराचं दुखणं बापाला दिसेनासं होऊ शकतं, हे आपल्या पहिल्याच चित्रपटात घडलं आहे.

अमेरिकेत जॅकी कूगन या पोरानं चॅप्लिनबरोबर काम करून नाव कमावलं, पुढे लाखो डॉलरही. मोठा झाल्यावर हिशेब मागितला, तेव्हा बरेचसे आई आणि सावत्र बापानं उडवलेले होते. 1939 मध्ये कॅलिफोर्नियानं त्याच्या नावानं ओळखला जाणारा कायदा केला. घरच्या व्हिडिओंत दिसणाऱ्या लेकरांसाठी इलिनॉय राज्यात कायदा लागू झाला तो मात्र 2024 मध्ये.

आपल्याकडे नियम आहेत, बरे आहेत. बालकामगार कायद्यातली 2016 ची दुरुस्ती आणि 2017 चे नियम सांगतात की चित्रपट-मालिकांत काम करणाऱ्या बालकाला दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त राबवायचं नाही, सलग 27 दिवसांपेक्षा जास्त नाही, निर्मात्यानं जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची आणि कमाईतले किमान 20 टक्के बालकाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत टाकायचे. पण त्याच कायद्यात दुसरं कलम आहे: शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत लेकरानं घरच्या उद्योगात हातभार लावायला हरकत नाही. ते कापूस वेचणाऱ्या, दुकानात बसणाऱ्या पोरांसाठी असावं. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाच्या 2022 च्या मसुद्यानं आई-बापांनी केलेलं चित्रणही याच घरच्या उद्योगात धरलं. म्हणजे परका निर्माता असेल तर हिशेब; बाप निर्माता असेल तर माया. जाहिरातीचे पैसे मिळायला वय अठरा लागतं, म्हणून खातं बापाचं आणि पैसाही त्याच्याच बँकेत. पोरीच्या नावावर राहतो तो फक्त चेहरा.

आपणही धुतल्या तांदळाचे नाही. मी वर्षानुवर्षं सदर लिहिलं, त्यात लेकीचे बोबडे बोल आणि तिचं रात्री अंथरूण ओलं करणंसुद्धा लिहिलं. वाचक हसले, मानधन आलं. ती कॉलेजात गेल्यावर एकदा म्हणाली, “बाबा, ते अंथरुणाचं मला विचारून लिहिलं होतंत का?” मी चहाचा कप उचलला आणि स्वयंपाकघरात गेलो.

या संमेलनानं आज एक ठराव करावा, अशी माझी विनंती आहे. 20 टक्क्यांचा नियम घरच्या चॅनेललाही लावावा आणि वय वर्षं अठरा पूर्ण झालेल्या मुलानं सांगितलं, तर त्याचे लहानपणचे व्हिडिओ काढून टाकणं बंधनकारक करावं. सरकार ऐकेल तेव्हा ऐकेल. तोवर सभागृहात ज्यांच्या घरी असं चॅनेल आहे, त्यांनी लेकराच्या नावानं बँकेत किंवा पोस्टात खातं उघडावं, पुढच्या व्हिडिओचे पैसे येण्याआधी.