परिचारिकांच्या म्हातारपणाची शिदोरी



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून या व्यासपीठावर विद्वान मंडळी बोलत आली आहेत. आमचे शिक्षण शाळेत थोडे झाले; कामगारांच्या सभांत, पगारपत्रकांत आणि कायद्याची पुस्तके चाळण्यात जास्त झाले. म्हणून आज विद्वत्तेचा विषय न घेता हिशेबाचा घेतला आहे. दुसऱ्यांच्या म्हाताऱ्या आईबापांची उशापायथ्याशी बसून सेवा करणाऱ्या परिचारिकेच्या स्वतःच्या म्हातारपणाचे काय, हा तो विषय.

कोणी म्हणेल, हे परिचारिकांच्या सभेत सांगा. मुरुडच्या व्यापाऱ्याला आणि शेतकऱ्याला त्याचे काय? आमचे उत्तर साधे आहे. येथल्या ग्रामीण रुग्णालयात किंवा लातूरच्या एखाद्या दवाखान्यात ज्याच्या घरचे माणूस कधी खाटेवर पडले नाही, असा श्रोता या मंडपात सापडणे कठीण. डॉक्टर फेरी मारून जातात. रात्री दोन वाजता सलाईन संपते, तेव्हा धावत येते ती सिस्टर. तिच्या घरात उद्या चूल पेटेल की नाही, हा प्रश्न आपल्या गावाचाही आहे.

या बाबतीत उपदेशाला तोटा नसतो. ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’, ‘थेंबे थेंबे तळे साचे’ असे तिला सगळेच सांगतात. म्हणी खऱ्या आहेत. पण आमचा अनुभव असा की परिचारिका उधळ्या नसतात. पगार झाला की भावाचे शिक्षण, नवऱ्याच्या शेतीचे कर्ज, मुलीचे लग्न आणि सासूबाईंचे औषध यांत तो वाटला जातो. भिशीचा हप्ता ती चुकवत नाही. मग म्हातारपणाची भीती का उरते? कारण ते म्हातारपण तिच्या काटकसरीपेक्षा तिच्या नेमणुकीच्या कागदावर जास्त ठरते. आडातच नाही, तर पोहऱ्यात कोठून येणार?

आपण चौघीजणी डोळ्यांसमोर आणू. काम एकच: इंजेक्शन, ड्रेसिंग, रात्रपाळी.

पहिली १ नोव्हेंबर २००५ पूर्वी शासकीय सेवेत कायम झाली. तिला जुने निवृत्तिवेतन आहे. पूर्ण निवृत्तिवेतन शेवटच्या मूळ वेतनाच्या निम्मे असते, त्यावर महागाई भत्ता वाढत जातो, आणि तिच्या मागे कुटुंबनिवृत्तिवेतनही असते.

दुसरी त्या तारखेनंतर लागली. तिच्या पगारातून मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून दहा टक्के रक्कम कापली जाते आणि शासन आपला वाटा घालते. तो प्रथम दहा टक्के होता, पुढे चौदा झाला. हा पैसा बाजारात गुंततो. निवृत्तीच्या वेळी साठ टक्क्यांपर्यंत रक्कम हाती येते. उरलेल्या किमान चाळीस टक्क्यांतून दरमहा वर्षासन घ्यावे लागते. ते किती येईल हे आज कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही, आणि त्यावर महागाई भत्ता नाही.

तिसरी खाजगी रुग्णालयात आहे. जेथे वीस किंवा अधिक नोकर असतात, तेथे भविष्यनिधी लागू होतो. त्यातले निवृत्तिवेतन १९९५ च्या योजनेप्रमाणे ठरते: निवृत्तिवेतनास पात्र पगार गुणिले सेवेची वर्षे, भागिले सत्तर. पगाराची मर्यादा सप्टेंबर २०१४ पासून १५,००० रुपये. म्हणजे चौदा वर्षे सेवा करणाऱ्या बाईला महिना ३,००० रुपये. दहा वर्षे भरली नाहीत, तर मासिक निवृत्तिवेतन नाही. किमान निवृत्तिवेतन २०१४ साली १,००० रुपये ठरले. हजार रुपयांत आज महिन्याचे औषध तरी येते का, हे येथल्या दुकानदारांनीच सांगावे.

चौथी कंत्राटी. तिची नेमणूक अकरा महिन्यांची. मग एखाद्या दिवसाचा खंड, आणि पुन्हा अकरा महिने. दहा-पंधरा वर्षे अशी जातात. दर वर्षी नोकरी नवी आणि वय मात्र जुने.

लातूरकरांना दोन प्रसंग आठवून देतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. जखमींनी भरलेल्या वॉर्डांत तेव्हा ज्या पंचविशीच्या परिचारिका उभ्या होत्या, त्या आता निवृत्तीच्या वयाला आल्या आहेत. ज्या शासकीय सेवेत कायम होत्या, त्यांना निवृत्तिवेतनाचा आधार आहे. २०२० साली करोना आला. तेव्हा ठिकठिकाणी तात्पुरत्या परिचारिका नेमल्या, लोकांनी थाळ्या वाजवल्या, आणि साथ ओसरल्यावर अनेकींना घरी पाठवले. सेवा दोघींची सारखीच, धोकाही सारखाच. ‘गरज सरो, वैद्य मरो’ ही म्हण आपल्या पूर्वजांनी वैद्यासाठी केली. परिचारिकेला ती जास्त लागू पडते.

निवृत्तिवेतन ही धन्याने खूश होऊन दिलेली बक्षिसी आहे काय? १७ डिसेंबर १९८२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नकारा खटल्यात सांगितले की नाही. ते केलेल्या सेवेबद्दलचे देणे आहे, कर्मचाऱ्याचा हक्क आहे. आमच्या भाषेत सांगायचे तर तो राखून ठेवलेला पगार. शेतकरी खळ्यावरून आलेले सगळे धान्य खात नाही, बियाणे वेगळे काढून ठेवतो. ते बियाणे कोणी नेले तर त्याला आपण काटकसर शिकवायला जात नाही.

आता जे हातात आहे त्याविषयी. एक गोष्ट वयाची. अटल पेन्शन योजनेत साठीनंतर महिना ५,००० रुपये हवे असतील, तर अठराव्या वर्षी सुरुवात करणारीला दरमहा २१० रुपये भरावे लागतात, तिसाव्या वर्षी ५७७, आणि एकोणचाळिसाव्या वर्षी १,३१८. आयकर भरणाऱ्यांना १ ऑक्टोबर २०२२ पासून या योजनेत नव्याने शिरता येत नाही. पण लहान दवाखान्यातल्या पुष्कळ मुली त्या वर्गात मोडत नाहीत. मात्र एवढ्यावर विसंबू नये. महागाई वर्षाला सहा टक्के धरली, तर सुमारे बारा वर्षांत वस्तूंचे भाव दुप्पट होतात. आजचे पाच हजार तेव्हा पाच हजार राहणार नाहीत. म्हणून टपाल खात्यातले आवर्ती खाते, पंधरा वर्षांचा सार्वजनिक भविष्यनिधी, यांची जोड हवी.

दुसरी गोष्ट कागदाची. एका खाजगी रुग्णालयातील भगिनी आमच्याकडे आल्या. पगारातून भविष्यनिधी दरमहा कापला जात होता, खात्यात मात्र कित्येक महिने भरणाच नव्हता. हे त्यांना कळले ते एकीने मुलीच्या लग्नासाठी पैसे काढायला अर्ज केला तेव्हा. कार्यालयाकडे लेखी तक्रार झाली, खेटे घातले, तेव्हा भरणा सुरू झाला. म्हणून आम्ही सांगतो: आपला खातेक्रमांक पाठ ठेवा, दर तिमाहीला नोंद पाहा, वारसाचे नाव लावा. नोकरी बदलली तर जुने खाते मोडू नका, नव्या ठिकाणी वळते करा. मोडले की सेवेची वर्षे गेली, आणि वर दहा वर्षांची अट सांगितलीच आहे. पाच वर्षांच्या सेवेनंतर उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, मागा. ते दर वर्षामागे पंधरा दिवसांच्या वेतनाइतके असते. मुदतीच्या कराराने लागलेल्यांना २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत एका वर्षानंतरच ते मिळू शकते.

तिसरी गोष्ट लोभाची. मराठवाड्यात जादा व्याजाच्या आशेने ठेवी ठेवून किती घरे बसली, हे आपण पाहिले आहे. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, सहकारी बँकेतही असतो. पतसंस्थेतल्या ठेवीला ते संरक्षण नाही. दोन टक्के जास्त व्याजासाठी मुद्दल पणाला लावू नये.

पण एवढे सगळे करूनही तिसरीचे तीन हजार तीनच हजार राहतात, आणि चौथीला वर्षच मोजू दिले जात नाही. तेथे एकटीची बचत थकते आणि संघटनेचे काम सुरू होते. खाजगी रुग्णालयांतील वेतनाचा प्रश्न परिचारिकांच्या संघटनेनेच सर्वोच्च न्यायालयात नेला. त्यातून नेमलेल्या समितीने २०१६ साली पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही किमान २०,००० रुपये पगार असावा, अशी शिफारस केली. मार्च २०२३ मध्ये जुन्या निवृत्तिवेतनासाठी राज्यातील कर्मचारी सात दिवस संपावर गेले, त्यांत परिचारिकाही होत्या. त्यानंतर २५ ऑगस्ट २०२४ रोजी राज्य मंत्रिमंडळाने केंद्राच्या धर्तीची एकत्रीकृत योजना मंजूर केली. केंद्राच्या योजनेत पंचवीस वर्षांच्या सेवेला शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्म्या रकमेची हमी आहे. ही जुनी योजना नव्हे, हे आम्ही जाणतो. पण जी हमी २००५ साली गेली ती थोडीफार परत आली, आणि ती मागणाऱ्यांच्या संख्येमुळे आली. संपात रोग्यांचे हाल होतात हेही खरे. ते टाळायचे असतील, तर परिचारिकेवर संपाची पाळी येण्याआधीच गावाने बोलले पाहिजे.

तेव्हा मुरुडकरांकडे आमचे मागणे मोठे नाही. येथे दवाखाना चालवणारे कोणी असतील, त्यांनी आपल्या सिस्टरचा भविष्यनिधी वेळेवर भरावा. रुग्ण कल्याण समितीवर असतील, त्यांनी कंत्राटी परिचारिकांच्या सेवेचा हिशेब बैठकीत विचारावा. सभेला आमदार आले, तर रस्ता आणि पाणी यांच्याबरोबर हाही प्रश्न टाकावा. आणि येथे बसलेल्या भगिनींपैकी ज्या परिचारिका असतील, त्यांनी १२ मे रोजी परिचारिका दिनाचा गुलाब अवश्य घ्यावा. पण त्या दिवशी चारचौघी मिळून आपापली नेमणूकपत्रे आणि खात्यांच्या नोंदी एकत्र वाचाव्यात. एकीच्या कागदात जे सापडत नाही, ते चौघींचे कागद शेजारी ठेवले की दिसते. आमची चळवळ जेथे जेथे उभी राहिली, तेथे ती अशाच वाचनातून उभी राहिली आहे.