जखम, खपली आणि वण

(राणीसावरगाव येथील साक्षरता वर्गात एका सेवानिवृत्त मुख्याध्यापकांनी केलेले भाषण)



दसरा तोंडावर आला आहे. मग ऊसतोडीच्या टोळ्या निघतील. आपल्या भागातून किती तरी जोडपी जातील. पाच-सहा महिने हातात कोयता राहील. मागे राहणाऱ्यांच्या हातात विळा आणि खुरपे आहेच. धार आली की जखमही आली. म्हणून आज जखमेविषयी बोलणार आहे. गोष्टी सोप्या आहेत. पण त्या पाळल्या नाहीत तर हात जातो. कधी जीवही जातो.

कातडी हे अंगाचे कुंपण आहे. कुंपण मोडले की ढोरे शेतात शिरतात. कातडी फाटली की जंतू अंगात शिरतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत. माती, शेण, मळका हात, मळके फडके, सगळीकडे ते असतात.

पहिले काम रक्त थांबवणे. धुतलेले फडके जखमेवर ठेवा आणि घट्ट दाबून धरा. निदान दहा मिनिटे धरा. मधे उचलून पाहू नका. पाहिले की नुकती धरलेली गुठळी सुटते. फडके भिजले तर त्यावरच दुसरे ठेवा. हात कापला असेल तर तो वर धरा.

दुसरे काम जखम धुणे. रक्त थांबले की पिण्याच्या स्वच्छ पाण्याची धार जखमेवर सोडा. पाच-दहा मिनिटे सोडा. कडेची कातडी साबणाने धुवा. त्याआधी आपले हात धुवा, बरं का! मात्र जखम खोल असेल आणि रक्त थांबत नसेल, तर धूत बसू नका. दाबून धरा आणि दवाखाना गाठा.

आता काय लावू नये ते ऐका. माती नको. शेण नको. राख, चुना, तंबाखू, रॉकेल, यांतले काही नको. जवळ दवाखाना नव्हता तेव्हा वाडवडिलांनी नाइलाजाने हे केले. आज तो नाइलाज राहिला नाही. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणातच असतात. ते जखमेत गेले की जबडा बसतो, अंग धनुष्यासारखे ताणते. मग माणूस वाचवणे फार अवघड होते. पण हा रोग लसीने टळतो. जखम मळकी किंवा खोल असेल आणि लस घेऊन पाच वर्षे झाली असतील, तर त्याच दिवशी घ्या. जखम लहान आणि स्वच्छ असेल तर दहा वर्षांचा हिशेब धरा. शेवटची लस कधी घेतली ते वहीत लिहून ठेवा. आता तुम्हाला लिहिता येते!

कुणी विचारील, "गुरुजी, हळद तरी चालते ना?" प्रश्न चांगला आहे. हळदीची एक गोष्ट सांगतो. १९९५ साली अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला एक पेटंट मिळाले. हळदीने जखम बरी करण्याचा शोध आमचा, असा तो हक्क होता. आपल्या देशाच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने हरकत घेतली. तिचे प्रमुख होते डॉ. रघुनाथ माशेलकर. ते मूळचे गोव्यातल्या माशेल गावचे. परिषदेने जुने संस्कृत ग्रंथ आणि १९५३ साली छापलेला एक वैद्यकीय लेख पुरावा म्हणून दाखवला. १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. आपल्या आजीचे ज्ञान आपलेच राहिले.

ते कशामुळे राहिले? लिहून ठेवले होते म्हणून. हे साक्षरतेच्या वर्गात ध्यानात धरण्यासारखे आहे.

पण यातून उलटा अर्थ काढू नका. हळदीत गुण आहे, म्हणून डब्यातली हळद जखमेत भरायची असे नाही. डबा रोज उघडतो. त्यात ओला चमचा जातो. बाजारच्या हळदीत भेसळही असू शकते. शिवाय खोल जखमेत भुकटी बसली की डॉक्टरांना आतले दिसत नाही. आधी ती खरवडून काढावी लागते. तो त्रास दुखणाऱ्यालाच. हळद भाजीत घाला. जखमेला धुणे आणि झाकणे पुरे.

झाकणे म्हटले की लोक म्हणतात, "वारा लागू द्या, जखम वाळू द्या." ही समजूत जुनी आहे. १९६२ साली जॉर्ज विंटर नावाच्या इंग्रज संशोधकाने डुकरांच्या जखमा तपासल्या. झाकून ओलसर ठेवलेली जखम उघड्या जखमेपेक्षा लवकर भरली. असे का होते? पेरणीनंतर जमिनीवर कडक पापडी धरली तर कोंब अडतो. जखमेचेही तसेच आहे. नवी कातडी कडेकडेने आत सरकते. वर जाड कोरडी खपली असली की तिला वाट मिळत नाही. म्हणून धुतलेल्या लहान जखमेवर साधे व्हॅसलीन पातळ लावा आणि स्वच्छ पट्टी बांधा. पट्टी रोज बदला. खपली धरलीच तर ती नखाने काढू नका. त्यानेच वण मोठा होतो.

भाजल्यावर मात्र पहिली वीस मिनिटे फक्त साधे थंड पाणी. बर्फ नको, तूप नको, टूथपेस्ट नको, शाई नको. फोड फोडू नका. बांगड्या, अंगठ्या लगेच काढा, मागून सूज येते. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी भाजलेल्या जखमांवर केळीच्या पानांची पट्टी वापरून पाहिली. २००३ साली त्यांचे निष्कर्ष छापून आले. पान जखमेला चिकटत नाही, म्हणून पट्टी बदलताना दुखत नाही. खर्चही नगण्य. पण ती पाने जंतू मारून तयार केलेली होती. मळ्यातले पान तोडून तसेच लावू नका.

दवाखान्यात कधी जायचे? जखमेची तोंडे उघडी राहिली तर टाके लागतात. ते त्याच दिवशी, जितके लवकर तितके चांगले. बोट वाकत नसेल किंवा बधिर वाटत असेल, तर आतली शीर तुटलेली असू शकते. बोट तुटून पडले तर ते ओल्या स्वच्छ फडक्यात गुंडाळा, पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. बोट थेट बर्फात टाकू नका. १०८ नंबरला फोन करा. पुढे काही दिवसांत लाली पसरली, पू आला, वास आला, ताप आला, तरी थांबू नका. मधुमेह असणाऱ्याने तर पायाची लहान जखमही लहान मानू नये.

आता वणाविषयी. फाटक्या वाकळेला ठिगळ लावले तरी ते वेगळे दिसतेच. जखम भरून तीन महिने झाले की नवी कातडी जुनीच्या साधारण पाचांपैकी चार हिस्से मजबूत होते. पुरती कधीच होत नाही. वण मऊ आणि फिका व्हायला वर्ष, कधी जास्त लागते. तोवर त्याला उन्हापासून जपा. ऊन लागले की तो काळा पडतो. पदराने, रुमालाने झाका. जखम पुरती मिटल्यावर थोडे तेल लावून रोज हळू चोळा. वण उंच होत असेल तर डॉक्टर सिलिकोनची पट्टी देतात. काहींचा वण जखमेबाहेर वाढतो. छाती, खांदा, कानाची पाळी, इथे असे होते. तो कापू नका, दोऱ्याने बांधू नका. त्याने तो आणखी वाढतो. सांध्याजवळ भाजले असेल तर सांधा आखडतो, म्हणून डॉक्टरांना विचारून तो हलवत राहा. आणि वण पुरता पुसून टाकणारे मलम मिळते, असे कुणी म्हणाले तर पैसे देऊ नका.

जखम भरायला आतूनही माल लागतो. डाळ, शेंगदाणे, अंडी, दूध, पालेभाजी, पेरू, आवळा खा. जखमी माणसाला डाळ बंद करू नका. तंबाखू आणि बिडी मात्र बंद करा. त्यांनी रक्तवाहिन्या आखडतात आणि जखम रेंगाळते.

शेवटची गोष्ट मुकादमांना आणि कारभारी मंडळींना. फडात बाईच्या हाताला कोयता लागतो. ती चिंधी बांधते आणि मोळी उचलते. का? तर खाडा पडेल, उचल फिटणार नाही. एका दिवसाचा खाडा वाचतो आणि हात चिघळून महिना जातो. हा हिशेब तोट्याचा आहे. जखम झाली की तिने सांगावे आणि ऐकणाऱ्याने तिला दवाखान्यात पाठवावे. त्यात लाज नाही आणि उपकारही नाही.

निघताना प्रत्येक कुटुंबाने एक पिशवी भरावी. धुऊन उन्हात वाळवलेली सुती फडकी, साबण, पट्ट्या आणि व्हॅसलीन. पिशवीवर मोठ्या अक्षरांत "जखम" असे लिहावे. अक्षरे वाकडी आली तरी चालतील. वेळेला वाचता आली म्हणजे झाले.