आयोगाची स्वायत्तता आणि नेमणुकीचा प्रश्न



निवडणूक आयोगाच्या स्वायत्ततेची चर्चा बहुधा एखाद्या आयुक्ताच्या करारीपणापाशी येऊन थांबते. १९९० ते १९९६ या काळातील शेषन यांच्या आठवणी निघतात आणि उसासे टाकले जातात. परंतु लोकशाहीची राखण एका माणसाच्या स्वभावावर सोपवायची असेल, तर संविधान हवेच कशाला?

१५ जून १९४९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संविधान सभेत साऱ्या देशासाठी एकच आयोग असावा अशी दुरुस्ती मांडली. काही प्रांतांत संस्कृतीने वा भाषेने परक्या ठरलेल्यांची नावे मतदारयादीत येऊ दिली जात नाहीत, अशा तक्रारी होत्या. ज्याच्यापाशी जमीन नाही, भांडवल नाही, वशिला नाही, त्याच्या हाती मताखेरीज काय असते? यादीत नाव नसले की तेही गेले.

त्याच चर्चेत शिब्बनलाल सक्सेनांनी नेमक्या दुखण्यावर बोट ठेवले. राष्ट्रपतींनी नेमणूक करायची म्हणजे व्यवहारात पंतप्रधानांनीच करायची. तेव्हा तिला संसदेच्या संयुक्त बैठकीत दोन तृतीयांश बहुमताची मान्यता हवी, असे त्यांचे म्हणणे होते. दुसऱ्या दिवशी आंबेडकरांनी स्वच्छ कबूल केले की, मूर्ख, लबाड किंवा सरकारच्या मुठीतला माणूस नेमला जाण्यास मसुद्यात कोणताच अटकाव नाही. सक्सेनांची सूचना मात्र टिकली नाही. मुख्य आयुक्ताला पदावरून काढणे सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला काढण्याइतके अवघड झाले. नेमणुकीची रीत संसदेच्या भावी कायद्यावर सोडण्यात आली.

तो कायदा सात दशके झाला नाही. जयप्रकाशांनी नेमलेल्या तारकुंडे समितीने १९७५ मध्ये पंतप्रधान, विरोधी पक्षनेता आणि सरन्यायाधीश यांची निवड समिती सुचविली होती. ती बासनात राहिली. २ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, संसद कायदा करीपर्यंत, हीच रचना लागू केली. त्याच डिसेंबरात कायदा झाला, आणि सरन्यायाधीशांच्या जागी पंतप्रधानांनी निवडलेला केंद्रीय मंत्री आला. न्यायालयाची व्यवस्था तात्पुरती होती, हा सरकारचा युक्तिवाद खोटा नाही. पण तिघांत दोघे सरकारचे असतील, तर तिसऱ्याने तेथे जाऊन करायचे काय?

१४ मार्च २०२४ रोजी या समितीने दोन आयुक्त निवडले. समितीतील विरोधी सदस्य अधीर रंजन चौधरी यांच्या सांगण्यानुसार, दोनशेहून अधिक नावांची यादी त्यांच्या हाती आदल्या रात्री पडली आणि निवडक सहा नावे बैठकीच्या दहा मिनिटे आधी. दोन दिवसांनी लोकसभा निवडणुकीचा कार्यक्रम जाहीर झाला.