नटसम्राटाचे दोन बोलपट



आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेत वाचून आपल्यापैकी काहींच्या भुवया चढल्या असतील. बालगंधर्वांचे गुणगान करावयाचे सोडून त्यांच्या अपयशाची उजळणी कशाला? याचे निमित्त आमच्या घरातल्या एका तरुणाने दिले. कानठळ्या बसविणारे जे पाश्चात्त्य संगीत आहे, ज्याला ही मुले 'हेवी मेटल' म्हणतात, त्याचा तो भक्त. एके दिवशी ब्लॅक सॅबथ नावाच्या इंग्रज वाद्यवृंदाची 'फॉरबिडन' ही १९९५ सालची ध्वनिमुद्रिका त्याने आम्हांस ऐकविली, आणि नाक मुरडून म्हणाला, "म्हातारे झाले होते, थांबायला हवं होतं." आम्ही चमकलो, ते संगीताने नव्हे. हेच वाक्य आम्ही लहानपणी वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकले होते, बालगंधर्वांविषयी.

बालगंधर्वांची थोरवी येथे सांगावयाची गरज नाही. १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत आलेला हा मुलगा पुढे भामिनी, रुक्मिणी, सिंधू झाला आणि महाराष्ट्रातील स्त्रिया त्याच्याकडे पाहून लुगडे नेसू लागल्या. १९१३ साली निघालेल्या गंधर्व नाटक मंडळीत भास्करबुवा बखल्यांच्या चाली, थिरकवाँ साहेबांचा तबला आणि कादरबक्षांची सारंगी. खर्चाला मात्र धरबंध नव्हता, आणि कर्जाचा डोंगर वाढत होता. तेवढ्यात १९३२ साली प्रभात कंपनीचा 'अयोध्येचा राजा' आला. पडदा मराठीत बोलू लागला. प्रेक्षक तिकडे वळले. नाटकगृहे एकेक करून चित्रपटगृहे झाली. अशा वेळी नाटक कंपनीच्या मालकाने काय करावे? बालगंधर्व प्रभातमध्ये गेले.

१९३५ सालच्या 'धर्मात्मा'त शांतारामबापूंनी त्यांना संत एकनाथांची भूमिका दिली. चित्रपटाचे मूळ नाव 'महात्मा' होते. गांधीजींच्या संदर्भामुळे सरकारने ते बदलावयास लावले. संगीत मास्टर कृष्णरावांचे, म्हणजे बुवांच्याच दुसऱ्या शिष्याचे. विषय अस्पृश्यतेचा, म्हणजे अगदी काळाला धरून. काहीही उणे नव्हते. तरी लोकांना हवे ते मिळाले नाही, कारण लोक एकनाथ पाहावयास आलेच नव्हते. ते रुक्मिणी पाहावयास आले होते आणि समोर पुरुषवेषातील एक प्रौढ गृहस्थ उभे होते. शिवाय रंगभूमीवर ज्यांचे एकेक पद 'वन्स मोअर'च्या गजरात फुलत जाई, त्यांना येथे रिळाच्या मापाने गावे लागत होते. प्रभातशी असलेला संबंध त्या एकाच चित्रपटावर संपला.

मग १९३७ साली बाबूराव पेंटरांच्या दिग्दर्शनाखाली 'साध्वी मीराबाई' निघाला. या वेळी बालगंधर्वांनी लोकांचे ऐकले. पुन्हा स्त्रीवेष, पुन्हा रंगभूमीवरून आणलेली मीराबाई. तोही पडला! रंगभूमीवर दिव्यांचा उजेड, अंतर आणि प्रेक्षकांची संमती, या तिघांनी मिळून रुक्मिणी घडत असे. कॅमेऱ्याला संमती ठाऊक नाही. तो जवळ जातो आणि पन्नाशीला टेकलेला चेहरा जसाच्या तसा दाखवितो. त्यातून दुर्गाबाई खोटे पाच वर्षांपूर्वीच पडद्यावर येऊन गेल्या होत्या; खरी स्त्री पाहिलेल्या डोळ्यांना आता जुना संकेत कसा पटावा?

म्हणजे पाहा, नवे केले तेव्हा लोक म्हणाले, हे आमचे बालगंधर्व नव्हेत. जुने केले तेव्हा म्हणाले, आता वय झाले. बरे, स्त्रीभूमिका करणारा नट पडद्यावर संत म्हणून शोभत नाही, असेही नाही. 'धर्मात्मा'नंतर वर्षभरातच त्याच प्रभातने 'संत तुकाराम' काढला. त्यातले विष्णुपंत पागनीस हेही रंगभूमीवर स्त्रीभूमिका केलेले. त्यांना लोकांनी डोक्यावर घेतले, आणि तो चित्रपट १९३७ साली व्हेनिसपर्यंत गाजला. फरक आम्हांला एवढाच दिसतो, की पागनीसांकडून लोकांची कोणतीही आठवण परत मागितली जात नव्हती. बालगंधर्वांकडून मागितली जात होती. त्यांच्यासमोर बसणाऱ्यांच्या मांडीवर आपली स्वतःची पंचविशी बसलेली असे, आणि तिच्याशी कोणत्याही नटाचा निभाव लागणे कठीण. आम्हीही त्या दोन बोलपटांना अनेक वर्षे हसत आलो. पूर्ण पाहिलेला मात्र एकही नव्हता, हे आज सर्वांसमक्ष कबूल करतो.

आता त्या इंग्रज मंडळींकडे वळू. टोनी आयोमी हा त्यांचा गिटारवादक. सतराव्या वर्षी बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. हा डावखुरा, म्हणजे तारा दाबण्याचा हात तोच. बोटांवर टोपणे चढवून, पुढे तारा सैल करून त्याने जो खर्जातला घनगंभीर नाद काढला, त्यावर हे सगळे घराणे उभे आहे. पहिली मुद्रिका १९७० ची. १९९५ पर्यंत मूळ चौघांपैकी हा एकटाच उरला होता. नव्या पिढीच्या जवळ जावे म्हणून निर्मितीची सूत्रे रॅप आणि मेटल एकत्र करणाऱ्या बॉडी काउंट या वाद्यवृंदाच्या गिटारवादकाकडे दिली, एका गाण्यात आइस-टी हा रॅप गायकही आणला. जुने चाहते रुसले, नवे आले नाहीत. गंमत अशी, की 'धर्मात्मा'च्या वेळी बालगंधर्व आणि 'फॉरबिडन'च्या वेळी आयोमी, दोघेही ४७ वर्षांच्या आसपासचे! हे का म्हातारपण?

आयोमीला मात्र दुसरी संधी मिळाली. मूळ मुद्रण त्याने जपून ठेवले होते. सगळे आवाज पुन्हा जुळवून, मिसळून त्याने २०२४ साली तीच मुद्रिका नव्याने बाहेर काढली. आमच्या घरच्या तरुणाने ती ऐकली, आणि "बरी आहे" एवढे तरी म्हणाला.

बालगंधर्वांना अशी दुरुस्ती कोठून मिळणार? १९५५ साली संगीत नाटक अकादमीचा सन्मान आला, १९६४ साली पद्मभूषण आले. पुण्यातील त्यांच्या नावाच्या रंगमंदिराचे भूमिपूजन १९६२ साली त्यांच्याच हस्ते झाले. पण ते उघडले १९६८ साली, आणि नारायणराव १५ जुलै १९६७ लाच गेले होते.

व्यवस्थापकांनी येथे ध्वनिमुद्रिका वाजविण्याची सोय केली आहे, त्यांचे आभार. 'स्वयंवर'मधील रुक्मिणीचे एक पद लावतो. जुन्या तबकडीची एक बाजू, तीन-सव्वातीन मिनिटांची. खरखर बरीच आहे. मागच्या मंडळींनी थोडे पुढे सरकून बसावे, आणि मंचावरचा दिवा कोणीतरी मालवावा.