आगबोटीवरील नोकरी आणि माणसाचे मोल
(वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



जगाच्या बाजारात नोकरदाराचे मोल कशाने ठरते, या विषयावर मी बोलावे अशी चिटणिसांची आज्ञा झाली. विषय अफाट आहे. तेव्हा आपल्या कोकणाला पिढ्यान्‌पिढ्या परिचित असलेल्या आगबोटीवरील नोकरीपुरताच मी तो मांडतो.

मार्च २०२१ मध्ये सुएझ कालव्यात ‘एव्हर गिव्हन’ हे अजस्र जहाज आडवे रुतले, हे आपणांस स्मरत असेल. त्याचे मालक जपानी, चालविणारी कंपनी तैवानची, निशाण पनामाचे. आणि त्यावरील २५ च्या २५ खलाशी भारतीय! मालकास कोणत्याही देशाचा माणूस घेण्याची मुभा असता त्याने आपलाच का घ्यावा? स्वस्त म्हणून, असे उत्तर पुष्कळ जण देतात. मला ते पटत नाही. फिलिपीन्सपासून युक्रेनपर्यंतचे खलाशी याच बाजारात उभे आहेत, आणि केवळ स्वस्ताईवर मिळालेली नोकरी अधिक स्वस्त माणूस भेटताच जाते.

प्रमाणपत्रानेही काम भागत नाही. १९७८ च्या आंतरराष्ट्रीय करारान्वये प्रशिक्षणाची किमान इयत्ता सर्व देशांना सारखीच लागू आहे. अर्थात् जे सर्वांपाशी आहे, त्याने एकाचे मोल वाढत नाही. आग विझविणे आणि समुद्रात जीव वाचविणे यांतील पात्रता तर दर पाच वर्षांनी नव्याने सिद्ध करावी लागते. मोल वाढते ते पुढच्या गोष्टींनी. नैसर्गिक वायूसारख्या नव्या इंधनांवर चालणाऱ्या जहाजांसाठी २०१७ पासून वेगळे शिक्षण आवश्यक झाले आहे. ते ज्याने घेतले, त्यास मागणी आहे. भाषेचेही तसेच. चार देशांची माणसे एका जहाजावर असतात. तेथे अलंकारिक इंग्रजी कोणास नको. आज्ञा ऐकून तीच स्पष्ट शब्दांत परत उच्चारणारा आणि न समजल्यास तसे निःसंकोच सांगणारा मनुष्य हवा असतो. आपली मुले येथेच कमी पडतात. वडीलधाऱ्यांसमोर मान खाली घालून ‘हो’ म्हणण्याची आपली सवय घरी शोभते, इंजिनघरात ती घातक ठरते.

आता ज्या गोष्टीसाठी मी मुख्यत्वे उभा राहिलो ती सांगतो. नोकरी लावून देतो म्हणून दलाल लाखो रुपये उकळतात, आणि त्यापायी आईबाप दागिने व कलमांची बाग गहाण टाकतात. वास्तविक सागरी कामगारांच्या २००६ च्या आंतरराष्ट्रीय करारास भारताने २०१५ मध्ये मान्यता दिली आहे. त्यानुसार वैद्यकीय दाखला, खलाशी-पुस्तिका आणि पासपोर्ट यांच्या खर्चापलीकडे भरतीसाठी खलाशाकडून पैसे घेता येत नाहीत. भरती-संस्थेस सरकारी परवाना लागतो, आणि परवानाधारकांची यादी कोणासही पाहता येते. पैसे मोजून चढलेला मुलगा कर्जाच्या धाकाने मिळेल त्या जहाजावर, मिळेल त्या पगारावर राबतो. विश्रांतीच्या तासांची खोटी नोंद करावयास सांगितली तरी सही करतो. दिवसाकाठी किमान दहा तासांची विश्रांती हा त्याचा हक्क आहे, हेही त्यास कोणी सांगितलेले नसते.

म्हणून माझी सूचना अशी आहे की, आपल्या शिक्षणनिधीतून नौकानयनाच्या अभ्यासक्रमास कर्ज अवश्य द्यावे. परंतु दलालाच्या हाती जाणाऱ्या रकमेसाठी एक पैही देऊ नये. अर्जासोबत संस्थेचा परवाना क्रमांक मागावा व तो आपल्या कार्यालयाने स्वतः पडताळावा. दहावीचे निकाल लागताच अर्ज येऊ लागतात; तत्पूर्वी मंडळाने हा ठराव करावा, अशी माझी विनंती आहे.