संगीताची पदवी



गायनमंडळातील एखाद्या मुलाने बारावीनंतर संगीतच शिकण्याचा मनोदय सांगितला की घरात प्रश्न उठतो : यावर पोट भरेल काय? प्रश्न रास्त आहे. तळोज्याचे कारखाने पगार देतात, तंबोरा देत नाही.

तथापि तिरुचिरापल्लीचे कलई काविरी महाविद्यालय पाहावे. १९७७ साली एका कॅथलिक धर्मगुरूंनी ही संस्था स्थापिली. तेथे गायन, वीणा, मृदंग शिकून विद्यापीठाची पदवी घेता येते. शेजारीच तंजावर. तेथील आपले मराठी सरफोजीराजे व ख्रिस्ती कवी वेदनायगम शास्त्री हे दोघेही श्वार्ट्झ या मिशनऱ्याचे शिष्य, आणि राजांनी या गुरुबंधूस आश्रय दिला होता. (शास्त्री लूथरपंथी होते, सुरांना पंथ कोठला?)

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली कॅथलिक शाळांत संगीतशिक्षणास मोठे महत्त्व द्यावे व देशोदेशींच्या संगीताचा आदर करावा असे सांगितले. असे असता आमचा हिशेबनीस पदवीधर असावा आणि मिस्सेचा गायक मात्र ऐकीव विद्येवर चालावा, हे आम्हांस पटत नाही.

म्हणून ज्युबिलीच्या निधीतून एका विद्यार्थ्याचे तीन वर्षांचे शुल्क भरावे, अशी आमची विनंती आहे. नव्या घंटेची वर्गणी हवी तर पुढल्या वर्षी गोळा करू. मुलींनीही अर्ज अवश्य आणावेत.