आऱ्या जमिनीत उतरताना



मार्चचा मध्य आला. जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात ज्यांनी उन्हाळी भुईमूग टोकला, त्यांच्या रानात आता पिवळी फुलं भरात आहेत. नेमकी याच दिवसांत गहू-हरभऱ्याची काढणी निघते. घरातली सगळी माणसं खळ्यावर, आणि भुईमूग हिरवागार दिसतोय म्हणून त्याच्याकडे काणाडोळा होतो. माझी कळकळीची विनंती आहे, पुढचे पंधरा-वीस दिवस रोज थोडा वेळ या पिकाला द्या. शेंगा किती धरणार आणि किती पोचट निघणार, ते बरंचसं आत्ताच ठरतं.

उद्या सकाळी रानात गेलात की एका झाडापाशी खाली बसा आणि फांद्या हलक्या हाताने बाजूला करा. कालची फुलं कोमेजलेली असतील. त्याआधी काही दिवस कोमेजलेल्या फुलांच्या जागेतून जांभळट टोकाची बारीक दांडी मातीकडे झुकलेली दिसेल. तीच आरी. बी तिच्या टोकाशी असतं. ती मातीत चार-पाच सेंटीमीटर शिरली की टोक आडवं वळतं आणि फुगायला लागतं. अंधार मिळाल्याशिवाय शेंग धरत नाही, त्यामुळे हवेत लोंबकळत राहिलेली आरी वायाच जाते.

म्हणून जमीन भुसभुशीत हवी. शेवटची खुरपणी आणि कोळपणी पेरणीपासून 35 ते 40 दिवसांच्या आत उरकून घ्या. कोळपताना झाडाच्या बुडाशी मातीची हलकी भर लागली, तर वरच्या पेरांवरच्या आऱ्यांनाही माती जवळ होते. एकदा आऱ्या जमिनीत घुसल्या, की खुरपं आणि कोळपं दोन्ही बंद. त्यानंतर तण दिसलं तर हातानेच उपटा, तेही जमिनीत ओल असताना. उशिरा केलेल्या खुरपणीत तणाबरोबर आऱ्याही तुटतात. रान स्वच्छ दिसतं, पण उत्पन्न घटतं. आऱ्या मातीला टेकाव्यात म्हणून निमपसऱ्या वाणावर काही जण रिकामा ड्रम फिरवतात. वाफसा असेल तर त्याचा उपयोग होतो. पण उपट्या वाणाला मी मातीची भर लावणंच पसंत करतो.

आता जिप्समबद्दल. हे मी थोडं सविस्तर सांगतो, कारण लहान शेतकरी खर्च वाचवताना पहिली काट यालाच मारतो. शेंगेचं टरफल आणि दाणा भरायला कॅल्शियम लागतं. मुळांनी घेतलेलं कॅल्शियम पाण्याबरोबर वर पानांकडे जातं, कारण पाण्याची वाफ पानांतून होते. मातीतल्या शेंगेतून वाफ होत नाही, म्हणून वरून तिच्याकडे कॅल्शियम फारसं फिरत नाही. ते तिला भोवतालच्या मातीतून स्वतःच घ्यावं लागतं. झाड हिरवंगार असूनही शेंग दाबल्यावर पोकळ लागते, त्याचं एक मोठं कारण हे आहे. जिप्सममध्ये कॅल्शियम आहे आणि तेलाचं प्रमाण वाढवणारं गंधकही आहे. हेक्टरी 400 किलोपैकी निम्मं पेरणीच्या वेळी आणि निम्मं आऱ्या सुटताना द्यायचं असतं. म्हणजे आत्ताचा हप्ता गुंठ्याला 2 किलो पडतो. अर्ध्या एकराला 40 किलो झाले. पानांवर उधळू नका. झाडाच्या बुडाजवळ, ओळीच्या कडेने टाका, शेवटच्या कोळपणीत मातीत मिसळा आणि लगेच पाणी द्या.

पाण्याचं म्हणाल, तर फुलं, आऱ्या आणि शेंगा भरणं या तीन अवस्थांत ताण पडता कामा नये. वरची माती वाळून कडक झाली, तर आरीचं टोक आत शिरत नाही. हलक्या जमिनीला लवकर-लवकर आणि थोडं, भारी जमिनीला जरा अंतराने पाणी द्या. तुषार संच असेल तर फारच उत्तम, माती मऊ राहते. पण वाफ्यात पाणी तुंबू देऊ नका.

पाणी तुंबलं, किंवा जमीन चुनखडीची असली, की शेंड्याची कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ही लोहाची कमतरता. अशा वेळी युरियाची मूठ टाकून काही साधत नाही. आधी पाण्याचा निचरा करा. मग 10 लिटर पाण्यात 50 ग्रॅम हिराकस आणि 10 ग्रॅम सायट्रिक आम्ल मिसळून ऊन उतरल्यावर फवारा.

पानाच्या मागे अंड्यांचे पुंजके किंवा पानांना जाळी दिसली, तर ती पानं तोडून अळ्यांसकट नष्ट करा. बांधाकडेला एरंडी लावली असेल तर ती आधी तपासा, ही अळी तिथे पहिली येते.

खुरपणीचं काम बहुतेक घरांत बायकाच करतात. ते सकाळी लवकर सुरू करा, दुपारी बारा ते चार सावलीत बसा, आणि पाण्याची कळशी बांधावर न ठेवता काम चाललेल्या ओळीच्या जवळ ठेवा.

काढणीला अजून वेळ आहे, पण एक गोष्ट आत्ताच लक्षात असू द्या. उपट्या वाणांच्या दाण्याला सुप्तावस्था जवळजवळ नसते. मेअखेरीस वळवाने रान भिजलं, तर पक्व शेंगा जमिनीतच उगवू लागतात. म्हणून मेच्या मध्यापासून दोन-चार दिवसांनी एक-दोन झाडं उपटून पाहा. शेंग फोडल्यावर टरफलाची आतली बाजू काळपट दिसली की पीक तयार. बहुतेक शेंगा अशा झाल्या, की वळवाची वाट न बघता काढणी धरा.